माकाहाची लाट आणि ताटातलं अळू: हवाईतलं सर्फिंग आणि बेटावरचं जगणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हवाईला फिरायला जाणारे, नोकरीनिमित्त तिथं राहणारे आणि नुसतंच कुतूहल असणारे मराठी लोक जे प्रश्न विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरं देताना शक्यतो एकच किनारा डोळ्यांसमोर ठेवला आहे: ओआहू बेटाच्या पश्चिमेचा वाइअनाए परिसर आणि त्यातलं माकाहा. होनोलुलू शहरातल्या वाइकिकी किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या रांगेत उभं राहून हवाईतलं सर्फिंग कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. माकाहात लाट, शेत, दवाखाना आणि नातीगोती एकमेकांना लागूनच आहेत. एकाबद्दल विचारलं की बाकीच्यांबद्दल बोलावंच लागतं.

माकाहा नेमकं कुठे आहे?

ओआहूच्या पश्चिमेला वाइअनाए डोंगररांग आहे. तिच्यातलं काआला हे १,२२७ मीटरचं शिखर बेटावरचं सर्वांत उंच. या डोंगरांच्या आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वस्ती आहे. ये-जा करायला फॅरिंग्टन हायवे हा एकच मुख्य रस्ता. होनोलुलूहून गर्दी पाहून तास-दीड तास लागतो. डोंगरआडची बाजू असल्यामुळे पाऊस कमी आणि ऊन कडक. मूळ हवाईवासीयांची मोठी वस्ती असलेल्या भागांपैकी हा एक आहे.

तिथल्या लाटेचं एवढं कौतुक का?

हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून इथं पोचतात. माकाहाच्या टोकाला वळसा घालताना त्या लांबलचक फुटत जातात. लाटा मोठ्या असतील त्या दिवशी टोकापासून निघालेल्या सर्फरला शेवटी, जिथं लाट अचानक उभी राहते तिथपर्यंत, जीव मुठीत धरून फळी पळवावी लागते. किनाऱ्यावर आपटून परत फिरणारं पाणी पुढच्या लाटेला भिडतं आणि नवख्या माणसाला फळीसकट हवेत उडवतं. तिथली पोरं मात्र त्या परतीच्या पाण्यावर मुद्दाम खेळतात.

१९५४ साली इथं आंतरराष्ट्रीय सर्फिंग स्पर्धा सुरू झाली. व्यावसायिक स्पर्धांचा जमाना यायच्या कितीतरी आधी जगभरचे सर्फर माकाहाला यायचे ते तिच्यासाठी.

सर्फिंगचा जन्म हवाईतच झाला का?

लाटेवर स्वार होण्याचा खेळ पॉलिनेशियात इतरत्रही होता, ताहितीतल्या नोंदी आहेत. पण लांब फळीवर उभं राहून लाट कापण्याची कला पूर्णत्वाला गेली ती हवाईत. राजे-सरदार, कोळी, शेतकरी, बायका, मुलं, सगळेच लाटेवर जात. राणी काआहुमानू उत्तम सर्फर होती. १७७९ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या लेफ्टनंट जेम्स किंगने केआलाकेकुआ उपसागरातल्या सर्फरांचं वर्णन लिहून ठेवलं. एवढ्या खवळलेल्या पाण्यात ही माणसं इतकी निर्धास्त कशी, याचं आश्चर्य त्यात उतरलं आहे.

फळ्यांचे प्रकार ठरलेले होते. 'ओलो' सर्वांत लांब, प्रामुख्याने सरदारांची, बहुधा विलीविलीच्या हलक्या लाकडाची. विलीविली हे आपल्या पांगाऱ्याच्या कुळातलं झाड आहे. 'अलाया' पातळ आणि आखूड, 'पाइपो' त्याहून छोटी, पोटावर झोपून लाट घ्यायला. झाड तोडण्याआधी मुळाशी कुमू नावाचा लाल मासा वाहून प्रार्थना करत. मग फळी तासायची, प्रवाळाने घासून गुळगुळीत करायची, काळसर रंगवायची आणि कुकुईच्या बियांचं तेल चोळायचं. वापरून झाली की वाळवून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवायची. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात अशा जुन्या फळ्या आहेत. तिथं गेलात तर त्या आवर्जून पाहा.

हवाई नावाच्याच मोठ्या बेटावरच्या काहालुऊ इथं कुएमानू नावाचं, लाटांशी जोडलेलं दगडी देवस्थान आहे. संध्याकाळी कृत्तिका उगवायला लागल्या की मकाहिकी हा लोनो देवाचा काळ सुरू होई. साधारण चार महिने युद्ध बंद असे आणि खेळांना मोकळीक मिळे. सर्फिंग हा त्यातला मोठा खेळ होता.

मिशनऱ्यांनी सर्फिंगवर बंदी घातली होती, हे खरं का?

हा प्रश्न हमखास येतो. 'बंदी घातली' एवढ्या उत्तराने मूळ दुखणं झाकलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना अंगभर कपडे नसलेले स्त्री-पुरुष एकत्र लाटांवर खेळतात, पैजा लावतात, हे रुचत नव्हतं. त्यांचं वजन वाढलं तसा या खेळाचा मान कमी झाला. पण सर्फिंगचा कणा मोडला तो आजारांनी. १७७८ मध्ये कुक आला, त्याच्यामागून जहाजं येत राहिली आणि देवी, गोवर, फ्लू, गुप्तरोग पसरले. बेटांवरच्या लोकांना यातल्या कशाचीच सवय नव्हती. कुकच्या वेळची लोकसंख्या काही लाखांत होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १८९० च्या जनगणनेत मिश्र वंशाचे धरूनही मूळ हवाईवासी उरले जेमतेम चाळीस हजार. गावंच्या गावं ओस पडली, तिथं लाटेवर जाणार कोण? जे उरले त्यांची जमीन खासगी मालकीच्या नव्या कायद्यांत गेली, पाणी उसाच्या मळ्यांनी वळवलं आणि १८९३ मध्ये राणी लिलीउओकालानीचं राज्यही उलथवलं गेलं.

तरीही खेळ पूर्णपणे थांबला असं कधीच झालं नाही. १८८५ मध्ये कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या तीन हवाईयन राजपुत्रांनी तिथल्याच रेडवुडच्या फळ्या करून सांताक्रूझला लाटा घेतल्या. पुढे वाइकिकीत ड्यूक काहानामोकू आणि त्याच्या सोबत्यांनी सर्फिंगला पुन्हा उभारी दिली. ड्यूकने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं, ऑस्ट्रेलियात जाऊन सर्फिंगची प्रात्यक्षिकं दिली आणि १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ बोट उलटली तेव्हा आपल्या फळीवरून आठ माणसांना वाचवलं. हवाईत सर्फिंग आणि जीव वाचवणं यांचं नातं इतकं जुनं आहे.

माकाहातली कुठली माणसं माहीत असायला हवीत?

दोन नावं तरी नक्की.

पहिलं रिचर्ड 'बफेलो' केआउलाना यांचं. १९६० च्या माकाहा स्पर्धेचे ते विजेते. किनाऱ्याची राखण केली, जीवरक्षक म्हणून काम केलं. १९७६ मध्ये 'होकुलेआ' ही दोन होड्या जोडून केलेली नौका होकायंत्राशिवाय, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधारे ताहितीला गेली, तेव्हा तिच्या खलाशांमध्ये ते होते. १९७७ पासून त्यांच्या नावाने माकाहात लांब फळ्यांची स्पर्धा सुरू झाली. स्पर्धा म्हणण्यापेक्षा तो गावाचा मेळा आहे: किनाऱ्यावर तंबू, चुली, तीन पिढ्या एकत्र. लांब लाकडी होडीतून लाट पकडायचे प्रकारही तिथं असतात. त्यांचा मुलगा ब्रायन आणि सहकाऱ्यांनी जेट-स्की वापरून बुडणाऱ्याला बाहेर काढण्याची पद्धत रुळवली, जी आज जगभरच्या मोठ्या लाटांवर वापरतात.

दुसरं नाव रेल सन हिचं. १९५० मध्ये जन्मलेली ही माकाहाची मुलगी. स्त्रियांच्या व्यावसायिक सर्फिंगच्या पहिल्या फळीतली, जीवरक्षक, हुला नर्तकी आणि श्वास रोखून खोल पाण्यात मासे मारणारी. १९७६ मध्ये तिने गावातल्या मुलांसाठी सर्फिंगची स्पर्धा सुरू केली. बत्तिसाव्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला. पुढची जवळपास पंधरा वर्षं उपचार चालू असताना ती समुद्रात जात राहिली आणि वाइअनाएच्या बायकांना या आजाराबद्दल जागं करत राहिली. २ जानेवारी १९९८ ला ती गेली. मला विचाराल तर 'निरोगी जीवनशैली' या शब्दाखाली जे फोटो खपवले जातात त्यांच्यापेक्षा रेलचं आयुष्य समजून घ्यावं. तिच्या वाट्याला निरोगी शरीर फार काळ आलं नाही. पण समुद्र आणि गाव यांतलं काहीच तिने सोडलं नाही.

समुद्र दाराशी, हवा स्वच्छ, मग तिथं मधुमेह आणि हृदयविकार इतके का?

अमेरिकेतल्या राज्यांमध्ये हवाईचं सरासरी आयुर्मान अगदी वरच्या स्थानांवर असतं. पण त्या सरासरीत मूळ हवाईवासीयांचं दुःख दिसत नाही. त्यांच्यात मधुमेह, हृदयविकार आणि लठ्ठपणा इतर गटांपेक्षा जास्त आहेत आणि आयुष्य कमी आहे.

कारण ताटात आहे, आणि ताटाचं कारण जमिनीत. पूर्वी डोंगरमाथ्यापासून प्रवाळापर्यंतचा एक पट्टा हे जगण्याचं एकक होतं. त्याला 'अहुपुआआ' म्हणत. वरचं पाणी पाटाने अळूच्या खाचरांत यायचं, खाचरांतून पुन्हा ओढ्यात आणि किनाऱ्यावरच्या मत्स्यतळ्यांत जायचं. वाइअनाएत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उसाचा मळा आला आणि डोंगराचं पाणी उसाला गेलं. मळा १९४७ मध्ये बंद पडला, पण खाचरं तोवर सुकून रानात बुडाली होती. त्यातच आसपासच्या दऱ्यांतली मोठी जमीन लष्कराकडे गेली. माकुआ दरी दुसऱ्या महायुद्धात रिकामी करून तिथं गोळीबाराचा सराव झाला.

आज हवाईतलं अंदाजे ८५ ते ९० टक्के अन्न जहाजाने बाहेरून येतं. पांढरा तांदूळ, डबाबंद मांस, गोड पेयं हेच स्वस्त पडतं. युद्धकाळात रुजलेलं डबाबंद स्पॅम आता घरोघरी आहे. त्यावरून तिथल्या लोकांना नावं ठेवणं मला पटत नाही. शेत आणि पाणी काढून घेतल्यावर दुकानात जे परवडेल तेच माणूस खाणार.

मग जुनं हवाईयन जेवण कसं असतं?

मराठी माणसाला हे ऐकून आनंद होईल. त्या ताटाचा राजा म्हणजे अळू. तिथं त्याला 'कालो' म्हणतात. आपण पानांवर भर देतो, ते कंदावर. कंद भरपूर वेळ उकडून किंवा वाफवून लाकडी पाटावर दगडी वरवंट्याने कुटतात आणि पाणी घालत सैलसर लगदा करतात. हीच 'पोई'. ताजी गोडसर लागते, दोन-तीन दिवस ठेवली की आंबते, आणि अनेकांना तीच जास्त आवडते. पानंही खातात, कधी माशाच्या किंवा डुकराच्या मांसाभोवती गुंडाळून वाफवलेली, कधी नारळाच्या दुधात शिजवलेली. कच्चं अळू घशाला खाजतं हे आपल्याइतकंच त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून शिजवण्यात घाई करत नाहीत.

सोबत रताळी, नीरफणस (त्यांचा 'उलू'), केळी, नारळ, मासे आणि खाण्याजोगं समुद्रशेवाळ, म्हणजे 'लिमू'. यातली बरीचशी रोपं पॉलिनेशियन दर्यावर्दींनी होड्यांतून आणली. हळदही त्यांनीच आणली, 'ओलेना' या नावाने.

कालोला तिथं नुसतं पीक मानत नाहीत. आकाशपिता वाकेआचं पहिलं बाळ मृत जन्मलं. त्याला पुरलं त्या जागी कालोचं रोप उगवलं. दुसरा मुलगा हालोआ जगला आणि त्याच्यापासून माणसं झाली, अशी कथा आहे. म्हणजे अळू हा थोरला भाऊ: धाकट्याने त्याची काळजी घ्यायची आणि थोरल्याने धाकट्याला पोसायचं. खाचरात चिखलात उभं राहून काम करणाऱ्या मुलामुलींना ही कथा आजही सांगितली जाते.

'वाइअनाए आहार' म्हणून काही आहे का?

आहे, आणि तो गावातूनच आला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या वाइअनाए कोस्ट आरोग्य केंद्रातल्या डॉ. टेरी शिंतानी आणि सहकाऱ्यांनी वीस मूळ हवाईवासीयांना २१ दिवस पारंपरिक जेवण दिलं: कालो, पोई, रताळी, पालेभाज्या, फळं आणि थोडे मासे-कोंबडी. पोट भरेपर्यंत खायची मुभा होती. उपाशी ठेवणं नाही, मोजमाप नाही. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी ७.८ किलो वजन उतरलं होतं, रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळपास १४ टक्क्यांनी कमी झालं होतं, आणि रोजचा उष्मांक आपोआप ४१ टक्क्यांनी घटला होता. जेवणात स्निग्धांश फक्त सात टक्क्यांच्या आसपास होता आणि कंदमुळांनी पोट लवकर भरत होतं.

गट लहान होता, काळ तीन आठवड्यांचाच होता, आणि सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली झालं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने असा बदल करू नये, साखर अचानक खाली जाऊ शकते. पण या प्रयोगाचा मोठा परिणाम आकड्यांच्या पलीकडे झाला. आजोबांचं जेवण हेच औषध आहे, असं डॉक्टर म्हणतायत हे लोकांनी पहिल्यांदा ऐकलं. तोवर 'तुमच्या सवयी वाईट' एवढंच त्यांच्या कानावर येत होतं.

ही शेती आज कुठे पाहायला मिळते?

काआलाच्या पायथ्याशी, वाइअनाए दरीत. १९७० च्या दशकात एरिक एनोस आणि स्थानिक तरुणांना रानात जुन्या दगडी खाचरांचे बांध सापडले. त्यांनी पाइप टाकून डोंगराचं पाणी परत आणलं आणि कालो लावला. तेच आजचं काआला फार्म. शेजारच्या लुआलुआलेई दरीत २००१ पासून माओ ऑरगॅनिक फार्म्स चालतं. तिथं गावातली तरुण मुलं भाजीपाला पिकवतात आणि त्या कामाच्या बदल्यात त्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाला आधार मिळतो.

मला शिकायचं आहे. माकाहाला जाऊ का?

शिकायला नको. वाइकिकीला जा. तिथल्या लाटा लांब आणि सौम्य असतात, शिकवणारे भरपूर आहेत, पाणी वर्षभर साधारण २४ ते २७ अंश. ओआहूच्या दक्षिण किनाऱ्यावर मोठ्या लाटा उन्हाळ्यात येतात, उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यांवर हिवाळ्यात. पोहता येत नसेल तर आधी पोहणं शिका. पट्टीने फळी पायाला बांधलेली असते म्हणून चालून जाईल, हा समज जिवावर बेततो. पट्टी तुटते.

'आज लाट चार फुटी' म्हणतात, पण ती तर माझ्या उंचीपेक्षा जास्त दिसते!

हवाईत जुने सर्फर लाट मागच्या बाजूने मोजतात. पुढून दिसणारी भिंत त्याच्या साधारण दुप्पट असते. तिथला माणूस 'सहा-आठ फूट' म्हणाला तर नवख्याने किनाऱ्यावर बसून बघावं.

'एडी' ही मोठ्या लाटांची सर्फिंग स्पर्धा दरवर्षी का होत नाही?

ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या वाइमेआ उपसागरात हवाईयन मापाने वीस फूट, म्हणजे पुढून चाळीस फुटांच्या आसपास लाटा आल्या तरच ती होते. त्यामुळे चार दशकांत ती दहा-बारा वेळाच झाली आहे. ती ज्याच्या नावाने होते तो एडी आइकाऊ वाइमेआचा पहिला जीवरक्षक. शेकडो माणसं त्याने वाचवली. मार्च १९७८ मध्ये 'होकुलेआ' मोलोकाईजवळ उलटली तेव्हा सोबत्यांसाठी मदत आणायला तो एकटा फळीवरून निघाला. बाकीचे वाचले, तो सापडला नाही. २०२३ ची स्पर्धा जिंकणारा ल्यूक शेपर्डसन त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून कामावर होता. स्पर्धेपुरती सवड काढून तो पाण्यात उतरला.

पाण्यातले अलिखित नियम कोणते?

लाट फुटायला सुरुवात होते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात घुसायचं नाही. वळसा घालून, दुसऱ्याची वाट न अडवता आत जायचं. मोठी लाट अंगावर आली म्हणून फळी सोडून डुबकी मारायची नाही, मागच्याचं डोकं फुटेल. दहा जणांचा घोळका घेऊन छोट्या किनाऱ्यावर उतरायचं नाही.

माकाहात याहून एक गोष्ट जास्त लागते. तिथं पाण्यात काका-मामा, आजोबा, नातवंडं एकत्र असतात आणि मोठ्यांना 'अंकल', 'आंटी' म्हणतात, रक्ताचं नातं असो-नसो. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. जाऊन हसून नमस्कार करा, काठाला थांबा, सरळ मध्यभागी जाऊन बसू नका. थोड्या वेळाने कुणीतरी स्वतःहून 'ही तुझी' म्हणून लाट देतं. स्थानिक लोक तुसडे असतात अशी तक्रार मी ऐकली आहे. ज्यांची जमीन, पाणी आणि राज्य गेलं त्यांनी किनारा तरी जपून ठेवावा, यात मला काही वावगं वाटत नाही.

सर्वांत मोठा धोका शार्कचा का?

नाही, बुडण्याचा. हवाईत पर्यटकांच्या अपघाती मृत्यूंमध्ये बुडणं पहिल्या क्रमांकावर आहे. समुद्राने आत ओढलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. तरंगत राहा, हात वर करा, ओढ सैल झाली की बाजूने बाहेर या. जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर उतरू नका.

पौर्णिमेनंतर साधारण आठ ते दहा दिवसांनी ओआहूच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यांवर चौकोनी जेलीफिश येतात. फलक लागलेले असतात, ते वाचा. प्रवाळाने कापलं तर जखम लगेच स्वच्छ धुवा, ती लवकर चिघळते. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून हवाईत बंदी आहे, कारण ती द्रव्यं प्रवाळाला घातक ठरतात. भारतातून नेताना बाटलीवरची यादी तपासा, किंवा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदराच घाला.

शाकाहारी माणसाचं तिथं कसं होतं?

घरी बरं, बाहेर थोडं अवघड. पोई, उकडलेला कालो, रताळी, नीरफणस हे सगळं चालतं. पानांचे पदार्थ मात्र विचारून घ्या, बहुतेकांत मांस किंवा माकूळ असतं. बाजारात अळूची पानं मिळाली तर चिंच-गुळाचं फदफदं करा आणि शेजाऱ्यांना द्या. कालोवर प्रेम करणारा माणूस त्याचं स्वागत करतो.

काआला किंवा माओच्या शेतावर काम करायला जाता येतं का?

सामूहिक कामाचे दिवस असतात, पण आधी कळवून, परवानगी घेऊनच जा. जुने कपडे घाला, दागिने काढून ठेवा, प्यायचं पाणी आणि टोपी घ्या. खाचरात उतरण्याआधी सगळे गोल उभे राहतात, आपलं नाव आणि गाव सांगतात, मंत्रघोष होतो. तेव्हा फोन खिशात ठेवा. पायाला उघडी जखम असेल तर चिखलात उतरू नका, गोड्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. अशा वेळी काठावर बसून पानं निवडायचं किंवा कंद सोलायचं काम मागून घ्या, ते नेहमीच शिल्लक असतं.